आबांच्या फ्लेक्सवर जे मावलं नाही

आमचे आबा 2024 च्या फेब्रुवारीत गेले, रानात ज्वारीची काढणी चालू होती तेव्हा. दुसऱ्याच दिवशी गावातल्या पोरांनी स्टँडवर फ्लेक्स लावला. मेडल लावलेला फोटो, मागं तिरंगा, एका बाजूला रणगाडा, आणि खाली मोठ्या अक्षरात 'दुसऱ्या महायुद्धातील शूर सैनिक'. पोरांनी मनापासून केलं होतं, रात्री अकराला वडूजला जाऊन प्रिंट काढून आणली होती, त्यांचे उपकारच आहेत. पण तो फ्लेक्स बघताना मला सारखं वाटत होतं की दाखल्यावर 98 आणि खरं तर त्याहून जास्तच जगलेल्या माणसाची फौजेतली वर्षं तीन-साडेतीन, बाकी सगळं आयुष्य मुरमाड रानात गेलं, आणि त्याच्याबद्दल तिथं एक शब्द नाही. फौजेबद्दल लोक विचारायचे, पेपरवाले पण एकदा येऊन गेले, शेतीबद्दल कुणी विचारलंच नाही. म्हणून हे लिहितेय.

वय जास्तच असं म्हटलं कारण शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख 1 जून 1925, म्हणजे गुरुजींनी आपल्या सोयीनं टाकलेली, त्या काळातल्या निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस 1 जूनला असतो. आमची जिजी, म्हणजे आजी, म्हणायची की त्यांच्या आईच्या हिशोबानं दोन-तीन वर्षं तरी जास्त धरायला पाहिजेत.

आमचं गाव खटाव तालुक्यात. खटाव-माण म्हटलं की सातारकरांना पुढचं सांगावं लागत नाही, बाकीच्यांसाठी सांगते, सह्याद्रीवर पडून उरलेला पाऊस आमच्याकडं येतो, तोही आला तर. बाजरी, मटकी, हुलगा आणि परतीचा पाऊस झाला तर रब्बीची ज्वारी. आबांच्या वडलांकडं पाच एकर माळ होता आणि तो सावकाराकडं गहाण होता. 1943 च्या सुरवातीला भरतीवाले आले आणि आबा गेले, कारण एवढंच. शौर्य वगैरे शब्द आबांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. "आमी काय सायबासाठनं गेलो न्हाय, सावकारासाठनं गेलो" असं ते सरळ सांगायचे.

यातली एक गोष्ट मला मोठी झाल्यावर कळली आणि ती मला महत्त्वाची वाटते. 9 सप्टेंबर 1942 ला आमच्याच तालुक्याच्या गावी, वडूजला, कचेरीवर तिरंगा लावायला मोर्चा गेला होता आणि पोलिसांनी गोळीबार केला, परशुराम घार्गे आणि त्यांच्याबरोबरचे मिळून 9 जण गेले. तिथं आज हुतात्मा स्मारक आहे, येताजाता दिसतं. त्याला वर्षही झालं नव्हतं आणि आबा इंग्रजाच्या फौजेत भरती झाले. तिकडं कृष्णाकाठी नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहत होतं, पत्री सरकार म्हणायचे लोक, आणि इकडं आमच्या भागातली पोरं बेळगावला कवायत शिकत होती. एकाच जिल्ह्यात, बऱ्याचदा एकाच भावकीत. 1946 ला आबा खाकी कपड्यात गावात आले तेव्हा पारावर कुणीतरी थुंकलं होतं म्हणे. त्या माणसाशी पुढं आबांची आयुष्यभर बोलचाल होती, एकमेकांच्या रानात पैऱ्याला, म्हणजे कामाच्या बदल्यात कामाला, जायचे, पण ते थुंकणं आबा विसरले नव्हते आणि त्या माणसाला चूकही म्हणत नव्हते. "त्येचा भाऊ येरवड्याला व्हता, त्यो काय माज्या गळ्यात हार घालणार व्हता का?" असं म्हणायचे. मला अजून यावर नीट बोलता येत नाही. देशासाठी तुरुंगात गेलेला भाऊ आणि कर्जासाठी लढाईवर गेलेला माणूस, दोघांचीही रानं एकाच ओढ्याला लागून होती.

तर फौज. बेळगावचं मराठा लाइट इन्फन्ट्री रेजिमेंटचं ट्रेनिंग सेंटर, तिथून मुंबई, बोट, सुएझ, आणि इटली. लाइट इन्फन्ट्रीची चाल इतर पलटणींपेक्षा जलद असते, मिनिटाला 140 पावलं, आणि ती आबांच्या पायातून शेवटपर्यंत गेली नाही, नव्वदीतही काठी टेकत असले तरी आमच्या पुढं. आबा पलटणीत पोचले त्याच्या थोडंच आधी, 10 जुलै 1944 ला, वरच्या टायबर खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे पडले होते. ते माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे, वय 22. त्यांच्या तुकडीतले सगळे मशिनगनच्या माऱ्यात पडले किंवा जखमी झाले, हा माणूस एकटाच पुढं पळत गेला, ग्रेनेड टाकलं, एकाला गोळी घातली आणि मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्यानं मारलं, आणि मग लपलेल्या बंदूकधाऱ्यांच्या गोळ्या लागून तिथंच गेला. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे इंग्रजांचं शौर्याचं सगळ्यात मोठं पदक. आबा पोचले तेव्हा पलटणीत सगळ्यांच्या तोंडी हेच होतं. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये सेनिओ नदीवर संगमनेरकडच्या निमजचे नामदेव जाधव यांना मिळाला, ते जिवंत परत आले. आबा ही दोन नावं घेताना नेहमी आधी 'आमचे' लावायचे.

इटलीत 50 हजारांवर हिंदी सैनिक लढले आणि 5,782 मेले. हा आकडा मी एकदा आबांना वाचून दाखवला, ते म्हणाले "आसंल" आणि उठून गोठ्यात गेले. लढाईचं ते फार सांगायचेच नाहीत. थंडी सांगायचे, चिखल सांगायचे, डोंगरात गाड्या चढत नव्हत्या म्हणून खेचरांवर रसद न्यायचे ते सांगायचे. आणि मग बैलांवर यायचे.

इटलीतले बैल हा आमच्या घरातला कायमचा विषय. त्या भागात पांढरे, प्रचंड उंच बैल असतात, कियानिना म्हणतात त्या जातीला, जगातली सगळ्यात मोठी गुरं, हे मी नंतर शोधलं. आबांनी ते नांगराला जुंपलेले बघितले होते. खिलार बघत वाढलेला अठरा-वीस वर्षांचा पोरगा, घरापासून हजारो मैल लांब, आजूबाजूला पडलेली घरं आणि सुरुंग, आणि त्यात एक म्हातारा इटालियन शेतकरी पांढरी बैलजोडी घेऊन रान नांगरतोय. आबा म्हणायचे की त्यांनी त्या म्हाताऱ्याला खुणेनं विचारलं की धरू का नांगर, आणि त्यानं धरू दिला, दोन तास मारले आबांनी. "रान आपल्यासारकंच, वर माती न् खाली दगूड." आणि दुसरं सांगायचे ते तिथले डोंगर उतारावरचे दगडी बांध. उतार कापून पायऱ्या केलेल्या, प्रत्येक पायरीला कोरड्या दगडांची भिंत, आणि पायरीवर ऑलिव्ह नाहीतर द्राक्षं नाहीतर गहू.

2 मे 1945 ला इटलीतली लढाई संपली. 1946 ला आबा सुटून घरी आले. लढाईपुरती नोकरी, त्यामुळं पेन्शन नाही. लढाईच्या काळात ही फौज 25 लाखांच्या आसपास गेली होती आणि संपल्यावर आबांसारख्या लाखो माणसांना थोडी रक्कम आणि डिस्चार्ज बुक हातात देऊन घरी पाठवलं, हे आपल्याकडं फारसं बोललं जात नाही. माजी सैनिक म्हटलं की लोकांना पेन्शन आणि कँटीन आठवतं. आबांना राज्य सरकारचं महायुद्धातल्या सैनिकांचं मानधन चालू झालं ते म्हातारपणी, तोवर फौजेचा एक रुपया घरात येत नव्हता. मनीऑर्डरींचे साठलेले आणि सुटताना मिळालेले पैसे धरून आबांनी आधी माळ सोडवला, आणि उरले त्यात पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेतून खिलारची दोन खोंडं आणली. मग लग्न, जिजी आली.

आणि मग ताली घालायला लागले. आमच्याकडं बांधाला ताल म्हणतात, उतारावर आडवा दगडमातीचा बांध, पाणी आणि माती अडवायला. ताली आमच्या भागात पूर्वीपासून होत्याच, इटलीतून काही नवीन आणलं असं मी म्हणणार नाही, पण आबांनी घातल्या त्या एकामागून एक वरपासून खालपर्यंत पायऱ्यांसारख्या, आणि मातीच्या नाही तर रचलेल्या दगडाच्या. दरवर्षी सुगी झाली की उन्हाळाभर ते आणि जिजी दगड वेचायचे आणि रचायचे. पंचवीस-तीस वर्षं हे चाललं. मोठे काका सांगतात की त्यांना लहानपणी वाटायचं सगळ्यांचेच आईबाप उन्हाळ्यात दगड रचतात. मजुरी नाही, सबसिडी नाही, कुणी फोटो काढायला नाही. आज वरच्या तालीपासून खालच्या तालीपर्यंत चालत गेलं की मातीचा रंग बदलत जातो, वर तांबूस मुरूम आणि खाली दोन-अडीच फूट काळी, ती माती तिथं आबांनी थांबवली म्हणून आहे.

आता 72 चा दुष्काळ. हा घरात इतक्या वेळा सांगितला गेलाय की मला तो मी बघितल्यासारखा वाटतो. पाऊस गेला, ज्वारी पेरलीच गेली नाही, विहिरीनं तळ दाखवला. रोजगार हमीची कामं निघाली, पाझर तलाव, नालाबंडिंग, खडी फोडणं. जिजी आणि आबा दोघंही खडी फोडायला. आबांना लिहिता येत होतं म्हणून थोडे दिवस मस्टरवर हजेरी लिहायला घेतलं होतं, पण तिथं न आलेल्यांची नावं लिहायचा आग्रह व्हायला लागला तेव्हा ते परत हातोडा घेऊन बसले. खायला रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी, तिच्या भाकरीचं नाव काढलं तरी जिजी तोंड वाकडं करायची, आणि पोरांना सुकडी. माणसांचं असं भागत होतं. बैलांचं काय? हरण्या आणि पाखऱ्या, ऐन जोमातली जोडी. कडबा संपला, गावातली बाकीची गुरं मिळंल त्या भावानं जायला लागली, आणि ती कुठं जातायत हे सगळ्यांना माहीत होतं.

आबांची धाकटी बहीण कृष्णाकाठी, कऱ्हाडच्या बाजूला दिलेली. तिकडं ऊस होता, म्हणजे उसाचं वाडं, शेंड्याचा हिरवा पाला, होतं. संक्रांत झाली आणि आबा बैल घेऊन चालत निघाले, औंध, पुसेसावळी करत. हे आज वाचताना साधं वाटेल पण त्या काळात ते किती जड होतं हे समजून घ्या. भाऊ बहिणीच्या दारात जातो तो चोळी-बांगडी घेऊन, भाऊबीजेला, जत्रेला मुराळी म्हणून. स्वतःच्या पोटासाठी आणि बैलांच्या वैरणीसाठी महिनोन्महिने बहिणीच्या सासरी राहायचं म्हणजे मान खाली. जिजी सांगायची की जाताना ते कुणाशी बोलले नाहीत, तिला फक्त एवढंच म्हणाले, "आपुन ऱ्हाऊ कसंबी, पर ही जोडी गेली तर पाऊस पडून काय उपेग?" मृगापर्यंत ते तिकडं राहिले, मेव्हण्याच्या रानात गड्यासारखं राबले, आणि इकडं जिजी चार पोरं घेऊन एकटी खडी फोडत होती. जिजीचा अंगठा त्याच खडीनं कायमचा वाकडा झाला. फ्लेक्स छापायचाच तर त्या अंगठ्याचाही छापायला हवा होता असं मला खरंच वाटतं. 73 चा पाऊस पडला आणि आबा जोडी घेऊन परत आले. गावात तेव्हा बैलजोड्या बोटावर मोजण्याइतक्या उरल्या होत्या. आधी भावकीतल्या विधवा चुलतीचं रान पेरलं, मग आपलं, मग मागंल त्याचं. त्या वर्षी आपल्या दोन बैलांवर किती जणांची पेरणी झाली हे आबा कधी सांगायचे नाहीत, बाकीचे सांगतात.

माझा बाप आणि धाकटे काका त्याच्यानंतर मुंबईला गेले, माथाडीत. आमच्या भागातल्या कुठल्या घरातला माणूस माथाडीत नव्हता? आधी मशीद बंदर, मग मार्केट वाशीला गेल्यावर तिकडं. मी कोपरखैरणेत वाढले आणि मे महिना गावाला. त्यामुळं माझे आबा म्हणजे उन्हाळ्यातले आबा, नांगरलेल्या रानात ढेकळांवरून भराभरा चालणारे, दुपारी लिंबाखाली चऱ्हाट वळत बसलेले. ज्वारी मालदांडीच, दुसरी नको, हायब्रीडला ते ज्वारी म्हणायचेच नाहीत. नक्षत्रं तोंडपाठ. विहीर सात परस, म्हणजे सात पुरुष खोल, इंजिन किर्लोस्करचं. गावात बोअर पडायला लागल्या तेव्हा त्यांनी पोरांना घेऊ दिली नाही, म्हणायचे विहिरीत पाणी किती राहिलं ते डोळ्याला दिसतं म्हणून माणूस जपून उपसतो, बोअरमधलं संपलेलं कळतं तेव्हा संपलेलं असतं. यावरून घरात मोठी भांडणं झाली, काका दोन वर्षं धड बोलत नव्हते. काकांचं पण चुकीचं नव्हतं, शेजारी डाळिंबं उभी करत होता आणि आम्ही मटकी काढत होतो. आबा गेल्यावरही बोअर घेतलेली नाही, निदान अजून तरी.

एक गोष्ट सांगायलाच पाहिजे. फौजेत तेव्हा शिपायांना रोमन उर्दू शिकवायचे, म्हणजे भाषा हिंदुस्तानी पण लिपी इंग्रजी. आबा मराठी चौथीपर्यंत शिकलेले, इंग्रजी भाषेचा गंध नाही, पण ही इंग्रजी अक्षरं जुळवून वाचायची सवय राहिली. आणि मग 2015-16 च्या सुमारास आमच्या फॅमिली ग्रुपवर आम्ही सगळी नातवंडं इंग्रजी अक्षरात मराठी टाईप करायला लागलो, 'आबा जेवले का', 'पाऊस झाला का', असलं. काकूला ते वाचायला यायचं नाही, माझ्या आईला यायचं नाही, आणि नव्वदीतले आबा चष्मा वर-खाली करत एकेक अक्षर जुळवून सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवायचे. बेळगावला शिकलेलं सत्तर वर्षांनी नातवंडांचे मेसेज वाचायला कामी आलं. मला ते आठवलं की अजून भरून येतं.

2018 ला गावानं पाणी फाउंडेशनच्या वॉटर कपमध्ये भाग घेतला, ते दीड महिन्याचं श्रमदान. त्या वर्षी शेजारच्या माण तालुक्यातलं टाकेवाडी राज्यात पहिलं आलं, आमचा काही नंबर आला नाही. पण आबा रोज पहाटे घमेलं घेऊन डोंगरावर. पोरं घरी बसा म्हणायची, ते ऐकायचे नाहीत, शेवटी त्यांना सावलीत बसून दगड निवडून द्यायचं काम दिलं. ट्रेनिंग घेऊन आलेल्या पोरांनी एक दिवस हौसेनं हायड्रोमार्कर, म्हणजे जमिनीची पातळी मापायचं साधन, आमच्या माळावर नेला, आबांच्या जुन्या ताली मापायला. वरच्या दोन बरोबर समपातळीत निघाल्या. तिसरी एका बाजूला चांगलीच उतरती. आबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, हां, ती घालताना तुझी जिजी बाळंत झाली होती, मी एकटा होतो, दुसऱ्या टोकाला दोरी धरायला कुणी नव्हतं.

जुलै 2023 ला इटलीत मोंतोने नावाच्या गावात यशवंत घाडगे यांचं स्मारक उभं राहिलं, एक सूर्यघड्याळ, तिथल्या गावानं आणि इटलीतल्या इतिहासकारांनी मिळून केलेलं. मी तेव्हा गावी होते, मोबाईलवर बातमी दाखवली. आबांना ऐकू कमी यायचं पण नजर शाबूत होती. फोटो बराच वेळ बघितला, घाडगे यांच्या नावाला हात जोडले. मग विचारलं, "बैलं हायती का गं आजून तिकडं?" मी कियानिनाचे व्हिडिओ काढून दिले. एक झाला की दुसरा लाव म्हणायचे. शिंगं, पाय, वशिंड, एकेक गोष्टीवर बोलत होते, आपल्या खिलारला वशिंड कसं डौलदार आणि ह्यांना जवळजवळ नाहीच, त्यामुळं जू वेगळं असतं, असं सगळं. आता तिकडं ही गुरं मुख्यतः मांसासाठी पाळतात हे मला माहीत होतं. मी ते सांगितलं नाही.

पुढच्या फेब्रुवारीत गेले. आजारपण असं काही नाही, तीन-चार दिवस जेवण सोडलं होतं. आदल्या संध्याकाळी मोठ्या काकांना विचारलं, कणसं मोडून झाली का, पाऊस नको यायला, बुचाडावर कागद टाक. तेच शेवटचं नीट बोलणं. माजी सैनिक संघटनेची माणसं आली, तिरंगा आणला, गावानं शेवटचा मान चांगला दिला.

दहाव्याला कृष्णाकाठची मंडळी आली होती, आत्याआजी जाऊन बरीच वर्षं झाली, तिचा मोठा मुलगा, माझ्या वडलांचा आतेभाऊ, आता सत्तरीतला, तो आला होता. जेवणं झाल्यावर तो काकांना म्हणाला की मामाच्या विहिरीला यंदापण पाणी आहे. काकांना कळेना कुठली विहीर. मग त्यानं सांगितलं आणि आमच्या घरात कुणाला हे माहीतच नव्हतं. 73 ला तिकडं राहिले तेव्हा रोजचं काम उरकून आबा संध्याकाळी त्यांच्या आटलेल्या विहिरीत उतरायचे. मेव्हणा नको नको म्हणत होता, तरी गाळ काढून, कातळ फोडून चांगली दोन परस खाली नेली, खालच्या झऱ्याला लागेपर्यंत. फुकटचं वाडं बैलांना घालणार नाही म्हणाले होते. पाणी लागलं त्या दिवशी हा पोरगा एकोणीस वर्षांचा होता आणि वर रहाटावर दोरी ओढत होता. त्यांच्या शिवारात ती विहीर 'मामाची विहीर' म्हणूनच ओळखली जाते, सातबाऱ्यावर नाही पण लोकांच्या तोंडी, आणि आज तिच्यावर दोन-अडीच एकर ऊस भिजतो. काका आणि मी दिवाळीनंतर बघायला जाणार आहोत. आतेकाका म्हणालाय की कारखान्याची तोड यायच्या आत या, म्हणजे उभा ऊस बघायला मिळंल.